जुन्या कोष्टकांवरून काडतुसे भरणे

वापरलेल्या पितळी पुंगळीतली जळालेली टोपी (दारू पेटवणारा बुडातला भाग) काढून, पुंगळी पुन्हा मापात दाबून तिच्यात नवी टोपी, दारू आणि गोळी बसवणे, म्हणजे काडतूस पुन्हा भरणे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. त्यामुळे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एखाद्या जुन्या घरी शिकारी रायफल निघाली, तर ही माहिती बहुधा ती पारखण्यासाठीच कामी येते.

कोणत्या गोळीमागे किती दारू भरायची हे सांगणाऱ्या जुन्या कोष्टकातला आकडा त्याच्या दारूसकटच वाचावा लागतो. काळ्या दारूचे माप ड्राममध्ये देत. १ ड्राम म्हणजे सुमारे २७.३ ग्रेन (ग्रेन हे ग्रॅमहून बरेच लहान वजन). पुढे छर्‍याच्या काडतुसांवर ‘३ ड्राम’ हा फक्त ताकदीचा तुलनात्मक आकडा उरला. तो वजन समजून कोणी ८२ ग्रेन निर्धूर दारू भरली, तर नळी फुटणारच. ग्रेनला ग्रॅम समजणे ही तर थेट पंधरापट चूक. दारूचे नाव तेच राहून कारखाना किंवा बनावट बदलली असेल, तरी जुने माप बाद.

दाबाचे आकडेही असेच फसवतात. ब्रिटिश कोष्टकांत दाब चौरस इंचाला टनांत असतो आणि तो टन २,२४० पौंडांचा. शिवाय तो तेल लावलेली पुंगळी वापरून, तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून काढलेला असे आणि आजच्या विद्युत मापनापेक्षा कमी भरतो. नुसता गुणाकार करून दोन्हींची तुलना करता येत नाही.

कॉर्डाइट या ब्रिटिश निर्धूर दारूचा दाब उष्णतेने वाढतो, म्हणून हिंदुस्थानासाठी कमी मापाची काडतुसे निघत. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांवर जातो. थंड हवेत ठरवलेले कमाल माप इथे कमाल उरत नाही.

नळीवरची खूण कोष्टकाइतकीच मोलाची. ‘कॉर्डाइट ७५-५००’ म्हणजे ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी ही मर्यादा. .४५० एक्सप्रेस ही सव्वातीन इंची पुंगळी आधी काळ्या दारूची होती. १८९८ मध्ये रिग्बी या ब्रिटिश बंदूक कंपनीने तीच निर्धूर दारूसाठी घेतली. काडतूस नळीत बसते, एवढ्यावरून ते त्या रायफलीचे ठरत नाही. आकड्याच्या नावावरही विसंबू नये: .३०३ या ब्रिटिश लष्करी काडतुसाच्या गोळीचा व्यास सुमारे .३११ इंच असतो. मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकून मायक्रोमीटरने मापली की झीज कळते.

जाणते हात आधुनिक, दाब तपासलेल्या कोष्टकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करतात आणि प्रत्येक पायरीला पुंगळी पाहतात. चपटी टोपी, घट्ट बसलेला बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) किंवा पुंगळीच्या बुडाजवळ चमकदार रेघ दिसली की थांबतात. ती रेघ .३०३ मध्ये विशेष आढळते, कारण लष्करी नळीत काडतूस बसण्याचे घर सैल असते आणि पितळ तिथे ताणून पातळ होते. टोक वाकवलेली तार पुंगळीच्या आत फिरवली की खाच बोटाला लागते. अशी पुंगळी मोडीत काढतात. जुन्या टोप्यांतल्या पाऱ्यानेही पितळ ठिसूळ होते आणि ते वरून दिसत नाही.