खर्रा (नागपूर)

खर्रा : सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेले, गालात धरून चघळायचे मिश्रण. नागपूर शहरात आणि एकूणच पूर्व विदर्भात सर्वांत रुळलेले व्यसन हेच. खाणारे मात्र त्याला नशा म्हणायला तयार नसतात. दारू पिणाऱ्याला घरून बोलणी खावी लागतात, एमडी या रासायनिक अमली पदार्थाची पुडी पकडली की वर्तमानपत्रात बातमी येते. खर्ऱ्याचे तसे नाही. लग्नाच्या मांडवात तो पाहुण्यापुढे धरला जातो, कार्यालयात साहेब आणि शिपाई एकाच पन्नीतून, म्हणजे प्लास्टिकच्या पुडीतून, चिमूट घेतात. ‘काढ ना बे खर्रा’ एवढ्या बोलण्यावर अनोळखी माणसांचीही ओळख होते. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. त्या काळात खर्ऱ्याकडे व्यसन म्हणून फारसे कुणी पाहिले नाही. २०१६ मध्ये गडचिरोलीत सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ कार्यक्रमाने दारूच्या जोडीला तंबाखू आणि खर्राही धरला, ही म्हणूनच महत्त्वाची गोष्ट.

खर्रा पानठेल्यावर गिऱ्हाइकासमोरच तयार होतो. ठेलेवाला जाडसर पन्नीवर कातरलेली सुपारी ओततो, वर सुगंधित तंबाखू भुरभुरतो, बोटभर चुना आणि पाण्याचे दोन-चार थेंब टाकतो. मग पन्नी दुमडून पाटावर तळव्यांच्या जोराने घोटत राहतो. घासून घासून माल गरम होतो, चुना सुपारीत जिरतो, तांबूस ओलसर रंग चढतो. ‘चुना कमी’, ‘सुपारी बारीक’, ‘तंबाखू थोडी जास्त’ अशा सूचना गिऱ्हाईक उभ्या उभ्या देत असते. शेवटी पन्नीला पीळ देऊन रबर लावले की पुडी खिशात जाते आणि तासातासाला उघडली जाते. चालणाऱ्या ठेल्यांवर आता घोटायला विजेवरची मशीन आली आहे.

या समोर घोटण्यातच खर्ऱ्याची खरी ताकद आहे, असे म्हणावे लागेल. कारखान्यातून निघणाऱ्या तंबाखूच्या पाकिटावर एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के जागेत सचित्र इशारा छापणे बंधनकारक आहे. खर्ऱ्याच्या पारदर्शक पन्नीवर काहीच नसते. किती तंबाखू पडली, सुपारी कुठली, याचा हिशेब ना खाणाऱ्याकडे असतो ना विकणाऱ्याकडे.

परिणाम दुहेरी असतो. तंबाखूतील निकोटीन मेंदूला तरतरी देते. चुन्यामुळे तोंडातील अल्कता वाढून ते गालाच्या अस्तरातून लवकर शोषले जाते. सुपारीतील अरेकोलीन हे दुसरे उत्तेजक द्रव्य आणि त्याचीही सवय लागते. सोडल्यावर चिडचिड, डोके जड होणे, कामात लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो. सकाळी खर्रा तोंडात गेल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार नागपुरात इतकी ऐकू येते की लोक तिला खर्ऱ्याचा गुण समजतात. ती व्यसनाची खूण आहे.

खरे नुकसान गालाच्या आत, हळूहळू होते. सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतुमय ऊती साचत जाते, गाल पांढरट आणि ताठ होतात, जबडा उघडेनासा होतो. या विकाराचे वर्णन १९५२ मध्ये केनियातील भारतीय स्त्रियांवरून प्रथम झाले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी भारतातील रुग्णांची नोंद केली. नागपूरकराला तो ताटावरच कळतो. आधी सावजी रस्सा सोसेनासा होतो, साध्या वरणातली मिरचीही जाळते. मग गुपचूप (पाणीपुरी) तोंडात मावत नाही, तो फोडून खावा लागतो. दंतवैद्य आपलीच तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात घालायला सांगतात. ती जात नसतील तर तपासणी हवीच. खर्रा सोडल्याने पुढची वाढ थांबू शकते, पण आखडलेला जबडा आपोआप पूर्ववत होत नाही. केरळमधील रुग्णांच्या १७ वर्षांच्या पाठपुराव्यात ७.६ टक्के जणांना पुढे कर्करोग झाल्याचे आढळले होते. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे अशा रुग्णांवर उपचार होतात.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते, धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के. या राज्याचे तंबाखूचे दुखणे विडी-सिगारेटचे नाही, गालातले आहे.

घरच्या खर्चात खर्रा दिसत नाही, कारण तो सुट्या पैशांतून जातो. पंचवीस रुपयांचे रोज तीन धरले तरी महिन्याला सव्वादोन हजार होतात. हातावर पोट असलेल्या घरात हा किराण्याचा मोठा वाटा झाला. पूर्व विदर्भात धानाच्या रोवणीला मजुरीबरोबर खर्राही द्यावा लागतो, आणि बायाही तो खातात. ‘जा रे, बाबासाठी खर्रा घेऊन ये’ म्हणून पोराला ठेल्यावर धाडले जाते. त्याची पहिली चिमूट बहुधा त्याच वाटेवरची असते. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तंबाखू आणायला पाठवणारा बाप या कायद्याचा विचार करत नाही.

पिचकाऱ्यांनी रंगलेले जिने आणि नाल्यांत तुंबलेल्या पन्न्या हा शहरावरचा भार. थुंकणाऱ्यांना महापालिकेचे उपद्रव शोध पथक दंड करते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतरही खर्ऱ्याची पन्नी हटली नाही.

देशाच्या मध्यावर असल्यामुळे नागपूर सुपारीच्या व्यापाराचेही ठाणे आहे. मस्कासाथ, इतवारी, कळमना येथे तिची मोठी उलाढाल होते. याच व्यापारात ‘सडकी सुपारी’ शिरली : परदेशातून चोरवाटेने आलेला हलका माल गंधकाची धुरी देऊन उजळवायचा आणि बाजारात सोडायचा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेतून गेले आणि सीबीआयपर्यंत पोहोचले.

राज्यात २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली. पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावा (खर्ऱ्यासारखेच तंबाखू-सुपारीचे मिश्रण) तिच्यात आले. आदेश वर्षभराचा असतो आणि दरवर्षी नव्याने काढला जातो. छापे पडतात, शेजारच्या राज्यांतून आलेला माल जप्त होतो, पण चौकातला ठेला चालूच राहतो. साधी सुपारी विकायला बंदी नाही, चुन्याला नाही, बिनसुगंधी तंबाखूलाही नाही. तिन्ही एकत्र घोटली की गुन्हा, आणि घोटायला दोन मिनिटे पुरतात. करोनाच्या टाळेबंदीत ठेले बंद असताना खर्रा घरून, चोरून आणि चढ्या भावाने विकला गेला.

सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. निकोटीनचे च्युइंगम आणि समुपदेशनाचाही उपयोग होतो, मात्र तोंड उघडत नसलेल्याला च्युइंगमऐवजी त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी बरी पडते. तंबाखू सोडून बिनतंबाखूचा ‘सादा’ खर्रा धरणारे अनेक आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, आणि जबडा आखडण्याचे मूळ तर सुपारीतच आहे.