ध्वनिमुद्रणांची ओळख : मेटाडेटा मानकांची पार्श्वभूमी

तुळजापूरचा गोंधळ, पैठण परिसरातील भारुडे, जात्यावरच्या ओव्या असे मराठवाड्यातील कितीतरी गाणे कॅसेटवर उतरले आणि आता त्याच्या एमपीथ्री फाइली मोबाइलवरून फिरतात; पण गाणाऱ्या बाया कोण, गाव कोणते, मुद्रण कधीचे, हे फाइलीबरोबर क्वचितच येते. ही ओळख सांगणारी माहिती म्हणजेच मेटाडेटा; ती फाइलीतच नोंदवण्याची सोय पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच झाली. ती आपल्या गाण्याला अपुरी का पडली, याची कारणे तिच्या इतिहासातच आहेत.

एमपीथ्रीमध्ये आरंभी गाण्याचे नाव लिहायला ठरलेली जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केंप यांनी फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांची (बाइट म्हणजे साठवणीचे माप, एका रोमन अक्षराएवढे) नोंद जोडली, तीच आयडीथ्री. शीर्षक, कलाकार, अल्बम व शेरा यांना प्रत्येकी ३० बाइट, वर्षाला ४ आणि प्रकाराला १, अशी तिची वाटणी होती. रोमन लिपीचे त्यात बऱ्यापैकी भागे. देवनागरीत मात्र काना-वेलांटीही स्वतंत्र चिन्ह ठरते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्या हिशेबाने ‘तुळजाभवानीचा गोंधळ’ लिहू गेल्यास ‘तुळजाभवानी’पाशीच जागा संपते आणि गोंधळ बाहेर राहतो. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने लांबीची ही अडचण दूर केली, सर्व लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीलाही वाट दिली. रकान्यांची मूळ कल्पना मात्र बाजारातल्या संगीताचीच राहिली, आणि ओवीला अल्बम नसतो.

ग्रंथपालांनी धरलेली वाट मला आपल्या कामासाठी अधिक योग्य वाटते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन येथे झालेल्या बैठकीतून डब्लिन कोअर हे मेटाडेटा नोंदवण्याचे मानक आकाराला आले. पुढे त्याचे १५ घटक, म्हणजे माहितीचे रकाने, ठरले आणि २००३ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता मिळाली. यातला कोणताही घटक गाळता येतो, तसाच कितीही वेळा वापरता येतो. त्यामुळे एका जात्यावर दोघी गात असतील, तर दोघींची नावे स्वतंत्रपणे, समान मानाने नोंदवता येतात आणि गाव व काळ यांनाही हक्काचा रकाना मिळतो.

  

बोलीसाठी मात्र डब्लिन कोअरच्या मूळ घटकांतही वेगळा रकाना नाही. म्हणून भाषेच्या रकान्यात मराठी लिहून गाणे लातूरकडच्या बोलीतले की परभणीकडच्या, हे वर्णनाच्या रकान्यात आवर्जून नोंदवावे लागते.