वजिराचा गँबिट: 'स्वीकार' या शब्दाचा घोळ

बुद्धिबळात डी४, डी५, सी४ या सुरुवातीला वजिराचा गँबिट म्हणतात; त्यानंतर काळ्याने सी४चे प्यादे मारले की तो 'स्वीकार'. नाव फसवे आहे: गँबिट म्हणजे फायद्यासाठी प्यादे सोडणे. १५६१ साली बुद्धिबळाच्या पुस्तकात आलेल्या 'गँबिट'चे मूळ इटालियन, अर्थ पाय घालून पाडणे. इथे पांढरा प्यादे सोडत नाही, उसने देतो: ई३ खेळताच एफ१च्या उंटाचा मारा सी४वर येतो.

तरीही प्यादे राखण्याचा मोह जुना. पांढऱ्याच्या ३. ई३ला काळ्याचे ३... बी५ (तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल) का चालत नाही, हे सतराव्या शतकापासून ठाऊक आहे. ४. ए४ सी६, मग बी५वर प्याद्यांची मारामारी आणि ६. वजीर एफ३. ए८पर्यंतचा कर्ण मोकळा, हत्ती कोपऱ्यात अडकलेला. तो वाचवायला घोडा किंवा उंट द्यावाच लागतो. ४... ए६नेही सुटका नाही: पांढऱ्याने बी५वर मारल्यावर ए६च्या प्याद्याने उलट मारले, तर मागचा बिनआधार हत्ती जातो.

१८३४च्या लंडनमधल्या सामन्यांत काळा म्हणूनच प्याद्याचा हट्ट सोडून ३... ई५ने केंद्राला धक्का देई. तो रोखायला पुढे ३. घोडा एफ३ रूढ झाले: घोडा एफ६, ई३ ई६, उंटाने सी४, सी५, कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल), ए६. इथला खरा हिशेब चालींचा. काळ्याने लगेच न मारता उंट डी३वर गेल्यावर सी४ मारले, तर उंट दोनदा हलतो. दुसऱ्याच चालीला मारले, तर एकदाच. स्वीकाराची खरी किंमत ही, प्यादे नव्हे. स्लाव्ह बचावातही (दुसऱ्या चालीला काळ्याचे सी६) चौथ्या चालीला सी४ मारतात, पण त्याला कोणी 'स्वीकार' म्हणत नाही! तिथे सी६ आधीच झालेले असते, बी५ची धमकी खरी ठरते, म्हणून पांढरा आधी ए४ खेळतो.

संगणकाच्या काळात ३. ई४ पुढे आले आणि मोडीत काढलेले ३... बी५ परतले. ४. ए४ सी६, बी५वर अदलाबदल. आता कर्णावर ई४चे प्यादे आडवे, वजीर एफ३ निरुपयोगी. ६. घोडा सी३ ए६ ७. घोड्याने बी५, ए६च्या प्याद्याने घोडा ८. हत्तीने ए८, उंट बी७. हत्ती मागे घ्यावा लागतो आणि ई४ पडते. काळ्याने घोड्याच्या बदल्यात हत्ती गमावलेला असतो, पण त्याच्याकडे एक प्यादे जास्त आणि बी५-सी४ ही जोडलेली प्यादी.