रोगनिहाय परदेशी मदत आणि आरोग्य यंत्रणा

गरीब देशांना आरोग्यासाठी बाहेरून जो पैसा मिळतो त्यातला बराचसा रोगाचं नाव लावूनच येतो. हा एचआयव्हीचा, हा मलेरियाचा, हा टीबीचा, आणि तो दुसरीकडे वळवायचा नाही अशी अट असते. याला रोगनिहाय मदत म्हणतात. त्या पैशावर चालणारी योजना म्हणजे व्हर्टिकल प्रोग्राम, कारण ती राजधानीतल्या ऑफिसपासून खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत स्वतःची माणसं, स्वतःची औषधं, स्वतःची रजिस्टरं घेऊन सरळ उभी खाली उतरते. याउलट दवाखाना, नर्स, औषधसाठा असल्या सगळ्यांच्याच कामी येणाऱ्या गोष्टींवर पैसा लावला की तो हॉरिझॉन्टल, म्हणजे आडवा.

यातलं कोणतं बरं हे भांडण जुनं आहे आणि दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. देवी रोग असाच एका रोगामागे हात धुवून लागून संपवला, १९७७ मध्ये सोमालियात शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये निर्मूलन जाहीर झालं. पण १९५५ ला सुरू झालेली जागतिक मलेरिया निर्मूलन मोहीम फसली. श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, १९६३ साली मलेरियाच्या केसेस वीसच्याही आत आल्या होत्या, मग डास मारणाऱ्या डीडीटीची फवारणी बंद झाली, लक्ष उडालं, आणि १९६९ पर्यंत आकडा पाच लाखांच्या वर गेला. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवा हे ध्येय ठरलं, पण लगेचच डोनर मंडळींनी, म्हणजे मदत देणाऱ्या देशांनी आणि संस्थांनी, त्यातून मोजता येतील अशी मोजकीच कामं निवडून घेतली.

पैशाचा खरा लोंढा आला तो २००० नंतर. त्या वर्षी लसींसाठी ‘गावी’ (Gavi) ही जागतिक संस्था, २००२ ला एड्स, टीबी आणि मलेरियासाठी ग्लोबल फंड, आणि २००३ ला पेपफार हा अमेरिकेचा एड्सविरोधी कार्यक्रम, त्यात पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर द्यायची घोषणा होती. याने माणसं वाचली हे आधीच मान्य करून टाकू, नाहीतर पुढचं सगळं कुरकुर वाटेल: अमेरिकी सरकारच्या हिशोबाने एकट्या पेपफारमुळे अडीच कोटी जीव वाचले.

मग बिघडतं कुठे? तर मुख्य म्हणजे माणसांत. पैसा एका वर्षात दुप्पट होतो, नर्स होत नाही. नवा प्रोग्राम जास्त पगार देतो, गाडी देतो, ट्रेनिंगचा भत्ता देतो, मग सरकारी दवाखान्यातली अनुभवी नर्स तिकडे जाते, आणि बाळंतपण, जुलाब, न्यूमोनिया बघायला जे उरतात त्यांच्यावरच सगळं पडतं. जी जात नाही तिचेही हाल, कारण प्रत्येक डोनरचा फॉर्म वेगळा आणि तपासायला येणारी टीम वेगळी, त्यामुळे पेशंट बाहेर बसलेले असताना ती आत तोच आकडा तीन वह्यांमध्ये उतरवत असते. आफ्रिकेतल्या मलावीत नर्स-डॉक्टरांची टंचाई इतकी वाढली की २००४ पासून सरकारने ब्रिटन आणि ग्लोबल फंडाच्या मदतीने सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्के भर घातली, म्हणजे शेवटी बाहेरचाच पैसा रोगाऐवजी पगारावर लावावा लागला.

दुसरी गोष्ट जरा लपलेली असते. बाहेरून येतंय म्हटल्यावर अर्थमंत्रालय आरोग्याचं स्वतःचं बजेट हळूच कमी करतं. २०१० मधल्या एका गाजलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की सरकारला मिळालेल्या दर एक डॉलर आरोग्यमदतीमागे सरकारचा स्वतःचा आरोग्यखर्च ०.४३ ते १.१४ डॉलरने घटला. आकड्यांवर पुष्कळ वाद झाले, पण त्यात अशक्य असं काही नाही.

तरी व्हर्टिकल म्हणजे वाईटच असं म्हणणाऱ्यांनी लागोसचं उदाहरण बघावं. २०१४ मध्ये तिथे इबोला पोहोचला तेव्हा नायजेरियाने पोलिओसाठी उभं केलेलं इमर्जन्सी सेंटरचं मॉडेल आणि तिथे तयार झालेली माणसं लगेच कामाला लावली, शेकडो संपर्क शोधले, आणि साथ २० केसेस, ८ मृत्यूंवर थांबली. त्याच साथीत गिनी, लायबेरिया, सिएरा लिओनमध्ये मिळून ११ हजारांहून जास्त माणसं गेली. इथिओपियाने तर एचआयव्ही-मलेरियाच्या फंडातला वाटा सरळ आपल्या आरोग्य यंत्रणेकडे वळवला, आणि त्याच काळात गावोगावी ३० हजारांवर आरोग्य विस्तार कार्यकर्त्या, बहुतेक बायकाच, पगारी नेमल्या. रवांडाने ग्लोबल फंडाच्या पैशातून गरिबांचे आरोग्यविम्याचे हप्ते भरले. मेक्सिकोचे माजी आरोग्यमंत्री हुलिओ फ्रेंक या पद्धतीला तिरकी म्हणजे डायगोनल म्हणायचे: निमित्त रोगाचं, बांधायची मात्र यंत्रणा. इथिओपिया आणि रवांडा या दोन्ही देशांत एक गोष्ट सारखी होती, स्वतःचा प्लॅन आधी तयार होता आणि डोनरला त्यात बसवलं गेलं.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली आणि जुलैपर्यंत यूएसएड ही ती मदत वाटणारी संस्थाच बंद झाली, तेव्हा अनेक आफ्रिकी देशांत एचआयव्हीची वेगळी क्लिनिकं बंद पडली, प्रोग्रामच्या पगारावर असलेली माणसं घरी बसली, आणि गोळ्यांसाठी पेशंट सरकारी दवाखान्याच्या रांगेत येऊन उभे राहिले, जिथे त्यांची फाइलच नव्हती.