कॉलेज संपलं म्हणून मुलाची पेन्शन बंद होत नाही हो

आमच्या ठाण्यात कोपरीला शेजारच्या काकूंनी मुलाचं बीकॉम संपल्यासंपल्या दूध एक लिटरवरून अर्ध्यावर आणलं, कारण कुणीतरी सांगितलेलं की शिक्षण संपलं की पीएफवाली मुलाची पेन्शन बंद. अहो असं काही नाहीये! वडील गेल्यावर ईपीएस-९५ (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) मधून मुलांना मिळते ती पेन्शन २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत असते, कॉलेज चालू असो नसो. एकावेळी दोनच मुलांना, प्रत्येकी आईच्या पेन्शनच्या २५ टक्के, कमीत कमी २५० रुपये (हसू नका, दुधाचे तेवढे तरी सुटतात). मोठ्याचं वय उलटलं की तिसऱ्याला लागू. आईची वेगळी, ती चालूच राहते. तेव्हा बजेट रिझल्टवर नाही, पंचविसाव्या वाढदिवसावर बसवा.