कलाशाळेची फी आणि सरकारची फूटपट्टी

अमेरिकेतल्या, एकेकाळी देशभर पसरलेल्या एका कलाशाळा-साखळीच्या उरल्यासुरल्या आठ शाखांना सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस कुलूप लागलं. त्या वेळी तिथे सुमारे १,७०० विद्यार्थी शिकत होते. ही साखळी नफ्यासाठी चालत असे आणि तिचा शेवट लबाडीत झाला, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्या पदव्यांची किंमत आणि मोल मोजायचा प्रयत्न सरकारने कसा केला आणि तो दोनदा कसा गुंडाळावा लागला, हा भाग मात्र सांगताना गळून पडतो.

मुळात या शाळा साध्या होत्या. साखळीतली पहिली शाळा १९२१ साली पिट्सबर्गमध्ये व्यावसायिक चित्रकला शिकवायला निघाली. त्याच काळात टपालाने चित्रकला शिकवणारे वर्गही जोरात होते. काड्यांच्या पाकिटावर चेहरा छापलेला असे, तो रेखाटून पाठवा आणि आपली गुणवत्ता अजमावा, असं आवाहन असे. त्यातही भुरळ घालणं होतंच, पण पैसे शिकणाऱ्याच्या खिशातून जायचे. बुडाले तरी किती बुडणार, याला हद्द होती.

ही हद्द सरकारी पैसा आल्यावर सरकली. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांची फी सरकार भरू लागलं आणि धंदेशिक्षणाच्या शाळांचं पेव फुटलं. गैरप्रकार इतके झाले की १९५२ मध्ये अट आली: वर्गात निदान १५ टक्के विद्यार्थी असे हवेत, ज्यांची फी या योजनेतून येत नाही. स्वतःचा पैसा घालून कुणीच येत नसेल तर त्या शिक्षणाला बाजारात मोल नाही, हा त्यामागचा विचार. १९७२ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, अनुदानाचं आणि कर्जाचं दार नफ्याच्या शाळांना इतर कॉलेजांच्या बरोबरीने उघडलं. त्याच्या दोनच वर्षं आधी पिट्सबर्गची ती शाळा एका कंपनीने विकत घेतली होती.

पुढे हीच अट वेगळ्या रूपात परतली. १९९२ मध्ये ठरलं की नफ्याच्या शाळेच्या उत्पन्नात फेडरल विद्यार्थी-मदत ८५ टक्क्यांच्या वर नको. १९९८ मध्ये ती मर्यादा ९० वर नेली. माजी सैनिकांचं शिक्षण-अनुदान या ९० मध्ये धरलं जात नसे, उरलेल्या १० मध्ये बसे. म्हणजे सैनिक विद्यार्थी जितके जास्त, तितकी सरकारी कर्जावर चालायची मोकळीक जास्त. ही पळवाट बुजवणारा कायदा २०२१ मध्ये झाला.

मोठी उडी २००६ ची. प्रवेश मिळवून देणाऱ्यांना माणशी कमिशन देण्यावर १९९२ पासून बंदी होती, पण २००२ मध्ये तिला सवलतींची भोकं पडली होती. निम्म्याहून अधिक शिक्षण ऑनलाइन नको, ही अट २००६ मध्ये गेली. त्याच वर्षी वॉल स्ट्रीटवरच्या एका बड्या बँकेसह गुंतवणूकदारांच्या गटाने ही कंपनी सुमारे ३.४ अब्ज डॉलरना घेतली. काही वर्षांत तिची सगळी कॉलेजं मिळून विद्यार्थी दीड लाखाच्या वर गेले. फॅशन, ॲनिमेशन, गेम डिझाइन, स्वयंपाककला असे विषय फोनवरून विकले जात होते, आणि विकणाऱ्याचा पगार पटावर चढलेल्या नावांशी बांधलेला होता, असा आरोप सरकारनेच पुढे खटल्यात केला.

पालकांवर कर्ज का चढलं, हेही इथेच सांगायला हवं. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी एकूण ३१,००० डॉलरच फेडरल कर्ज मिळतं. चार वर्षांची फी, राहणं आणि साहित्य यांना ते पुरत नाही. वरची रक्कम पालकांच्या नावे मिळणाऱ्या फेडरल कर्जातून यायची, आणि त्याला कॉलेजने सांगितलेल्या खर्चाशिवाय दुसरी मर्यादा नव्हती. नाही तर खासगी कर्ज. २००५ च्या कायद्यापासून खासगी शैक्षणिक कर्जही दिवाळखोरीत सहजी सुटत नाही.

आता त्या फूटपट्टीकडे. १९६५ च्या कायद्यातच अट होती की अशा शाळांनी विद्यार्थ्याला एखाद्या मान्य व्यवसायातल्या ‘कमाईच्या नोकरी’साठी तयार केलं पाहिजे. पण किती कमाई म्हणजे कमाई, हे चाळीसहून अधिक वर्षं कुणी ठरवलंच नाही. २०११ मध्ये पहिला नियम आला. वर्षभरात न्यायालयाने तो मोडला, कारण निदान ३५ टक्के कर्जाची फेड होत असावी या निकषात आकडा नेमका ३५ च का, याचं पटेल असं कारण सरकारला देता आलं नाही.

दुसरा नियम २०१४ चा, आणि भांडणाचं मूळ तो. पदवीधराचा वर्षाचा कर्जहप्ता त्याच्या कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत असेल तर अभ्यासक्रम पास. १२ टक्क्यांच्या वर गेला, आणि जगण्याचा किमान खर्च वजा करून उरलेल्या कमाईच्या ३० टक्क्यांच्याही वर गेला, तर नापास. तीन वर्षांत दोनदा नापास झाला की फेडरल मदत बंद. कागदावर हिशोब करून पाहू. ग्राफिक डिझाइनची पदवी घेतलेला मुलगा वर्षाला २४,००० डॉलर कमावतो. ८ टक्के म्हणजे महिन्याला १६० डॉलर. पदवीचं कर्ज या नियमात १५ वर्षांत फेडायचं धरलं जाई. व्याज ५ टक्के मानलं तर १६० च्या हप्त्यात साधारण २०,००० डॉलरचं कर्ज बसतं. म्हणजे बाजार ज्या पदवीला २४,००० देतो, तिच्यासाठी २०,००० च्या आसपास कर्ज ठीक, ३०,००० च्या पुढे धोका. यात अवाजवी काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

आक्षेप मात्र तगडे होते. कलेतली कमाई हळूहळू वाढते आणि सुटी कामं करणाऱ्याचं सगळं उत्पन्न कागदावर येत नाही, हा एक. दुसरा जास्त बोचरा: नफ्याच्या शाळेचा प्रत्येक अभ्यासक्रम मोजायचा, पण ना-नफा कलाशाळेची तितकीच महाग पदवी मोजायचीच नाही; तिथे फक्त प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम कक्षेत. जानेवारी २०१७ मध्ये पहिला निकाल लागला तेव्हा ८०० हून अधिक अभ्यासक्रम नापास झाले, त्यातले ९८ टक्के नफ्याच्या शाळांचे. उरलेल्या मूठभरांत मॅसॅच्युसेट्समधल्या एका अतिनामांकित विद्यापीठाशी जोडलेलं नाट्यप्रशिक्षण होतं. तिथल्या विद्यार्थ्यांचं कर्ज सुमारे ७८,००० डॉलर आणि कमाई वर्षाला सुमारे ३६,०००. तो अभ्यासक्रम सापडला, कारण विद्यापीठ तिथे पदवी देत नव्हतं, प्रमाणपत्र देत होतं.

आक्षेपात तथ्य होतं. त्यावरून जे केलं गेलं त्यात नव्हतं. २०१९ मध्ये नियम रद्द झाला, आणि कारण दिलं गेलं की तो एकाच गटावर अन्याय करतो. पट्टी सगळ्यांना लावायचाही पर्याय होता. तो बाजूला ठेवून सगळ्यांचे आकडे संकेतस्थळावर टाकायचे आणि निवड विद्यार्थ्यावर सोडायची, असं ठरलं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने फॅशनच्या पदवीचं कर्ज-कमाई गुणोत्तर तपासून अर्ज करावा, ही अपेक्षा.

शाळांनी स्वतः दिलेल्या आकड्यांवर तर भरवसा नव्हताच. या साखळीने ८० टक्क्यांहून अधिक पदवीधरांना सहा महिन्यांत त्यांच्या क्षेत्रात नोकरी मिळते अशी जाहिरात केली होती. सरकारी तपासात ते प्रमाण ५७ टक्क्यांच्या आत निघालं. एका शाखेने पदवीधरांच्या सरासरी पगारात तिथे शिकलेल्या एका जगप्रसिद्ध टेनिसपटूची कमाई मिसळली होती. सरासरी फुगणार नाही तर काय होईल!

शेवट झरझर झाला. २०१५ मध्ये कंपनीने कमिशनच्या खटल्यात ९.५५ कोटी डॉलरची तडजोड केली. २०१७ मध्ये शाळा लॉस एंजेलिसच्या एका धर्मादाय संस्थेकडे गेल्या. पाटीवर ‘ना-नफा’ आलं. जानेवारी २०१८ मध्ये काही शाखांची मान्यता गेली आणि विद्यार्थ्यांना ते कित्येक महिने कळवलंच नाही. २०१९ मध्ये कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे. मे २०२४ मध्ये सरकारने २००४ ते २०१७ मधल्या ३ लाख १७ हजार जणांचं ६.१ अब्ज डॉलरचं फेडरल कर्ज माफ केलं, माणशी जेमतेम १९,००० च्या आसपास. खासगी कर्ज आणि घरच्यांची बचत त्यात येत नव्हती.

मधल्या काळात २०२३ मध्ये नियम पुन्हा आला, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने अखेर ना-नफा आणि सरकारी कॉलेजांच्या पदव्याही कक्षेत घेतल्या. पण या कायद्याची पट्टी कर्ज पाहतच नाही: पदवीधरांची कमाई फक्त शालान्त (तिथे बारावीपर्यंतचं) शिक्षण झालेल्यांहून कमी नको, एवढंच. तीनपैकी दोन वर्षं कमी पडली तर त्या पदवीसाठी फेडरल कर्ज बंद. पालकांच्या कर्जालाही जुलै २०२६ पासून एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. शालान्त पातळीच्या कमाईहून थोडी वर असलेली, पण लाखभर कर्जाची पदवी कायद्याच्या चाचणीत पास होऊ शकते. आणि हिशोबात धरायचे ते पदवी पूर्ण केलेलेच. कर्ज काढून मधेच सोडून गेलेला विद्यार्थी या चाचणीत कुठेच मोजला जात नाही.