कड आणि रेषा: फोटोच्या पेन्सिलचित्रामागची गोष्ट

ऑक्टोबर १८३३. ब्रिटिश संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट इटलीत कोमो सरोवराच्या काठी पेन्सिल घेऊन बसले होते. सोबत कॅमेरा ल्युसिडा, म्हणजे समोरचं दृश्य कागदावर पडल्याचा भास करून देणारा लोलक. नुसतं गिरवायचं होतं, तरी चित्र जमेना. दृश्य आपणहून कागदावर उमटलं तर, हा विचार त्यांच्या मनात तिथेच आला आणि त्यातून त्यांची छायाचित्रणाची पद्धत उभी राहिली. हाताने साथ दिली नाही, म्हणून ते फोटोकडे वळले. आता संगणकाकडून फोटोचं पेन्सिलचित्र करून घेऊन तो हात परत मिळवायची खटपट चालू आहे.

फोटोत रेषा शोधायची संगणकाची सुरुवात कडांपासून झाली. १९६३ मध्ये एमआयटीत लॉरेन्स रॉबर्ट्स, १९६८ मध्ये स्टॅनफर्डला सोबेल आणि फेल्डमन, १९८६ मध्ये जॉन कॅनी, या सगळ्यांनी कड शोधायच्या पद्धती दिल्या. शेजारशेजारच्या बिंदूंच्या उजेडात जिथे एकदम फरक पडतो तिथे कड, हे सगळ्यांचं मूळ सूत्र. पण कड म्हणजे रेषा नव्हे. चौकड्याच्या शर्टाची प्रत्येक चौकट या पद्धतीला सापडते आणि मऊ उजेडातली नाकाची बाजू निसटते. चित्रकार नेमकं उलट करतो.

हा फरक मनावर घेतलेलं काम म्हणून मला २०१२ चं हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतलं काम फार मोलाचं वाटतं. लू, शू आणि ज्या यांनी खऱ्या पेन्सिलचित्रांकडे बारकाईने पाहिलं. घराचा कोपरा काढताना हात थांबत नाही, दोन्ही रेषा एकमेकींना ओलांडून थोड्या पुढे जातात. त्यांनी प्रत्येक कड आठ दिशांच्या सरळ फटकाऱ्यांत बसवली आणि कोपऱ्यावरची ती ओलांडणी आपोआप आली. छटांचं प्रमाणही त्यांनी चित्रांवरूनच घेतलं, कारण पेन्सिलचित्रात कोरा कागद फोटोतल्या उजेडापेक्षा कितीतरी जास्त बोलतो.

२०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या गॅटिस, एकर आणि बेथगे यांनी न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणाऱ्या संगणकी प्रणालीने, एका चित्राची शैली दुसऱ्या फोटोवर चढवून दाखवली. २०१७ मध्ये सायकलगॅन हे फोटोला चित्राचं रूप देणारं नेटवर्क आलं, त्याला फोटो आणि चित्राच्या जोड्याही लागत नाहीत.

तरी चेहऱ्यापाशी आलं की जोड्यांना पर्याय नाही, असं माझं मत आहे. हाँगकाँगच्याच विद्यापीठाच्या जुन्या संग्रहात ६०६ चेहरे आहेत, प्रत्येकाचं चित्रकाराने फोटो पाहून काढलेलं स्केच. २०१९ च्या एपीड्रॉइंगगॅनसाठी, म्हणजे फोटोवरून रेषांचं व्यक्तिचित्र काढणाऱ्या नेटवर्कसाठी तर एकाच व्यावसायिक चित्रकाराकडून १४० व्यक्तिचित्रं काढून घेतली. डोळे, नाक, तोंड, केस यांना वेगवेगळी नेटवर्क दिली. अडचण आली ती रेषांच्या जागेची. चित्रकाराची भुवई फोटोतल्या भुवईवर तंतोतंत बसत नाही, जराशी सरकते. बिंदूला बिंदू ताडून पाहिला, तर ती प्रत्येक वेळी चूक ठरते. म्हणून रेषा नेमक्या जागी आहे का, हे न पाहता ती जवळपास कुठे आहे का, हे मोजायचं ठरलं आणि त्या सरकलेल्या भुवईला चूक म्हणणं थांबलं.